जोडीतला दुसरा

संगणकावर उजव्याचा डावा करायला एक क्लिक पुरते. खुर्चीचा उजवा हात काढून झाला की मधली रेघ दाखवायची, मिररची आज्ञा द्यायची, शेजारी डावा हात हजर. आतला हिशेबही फार मोठा नाही. प्रत्येक बिंदूच्या एक्सच्या आकड्याचं चिन्ह बदलतं, अधिकाचं उणे होतं. वाय आणि झेड जागच्या जागी राहतात. कागदावर ड्रॉइंग काढायच्या काळात तर तेवढेही कष्ट नव्हते. एकच बाजू काढायची आणि खाली लिहायचं, ‘एक नग दाखवल्याप्रमाणे, एक नग उलट’. त्या ‘उलट’मध्ये काय काय येतं ते ड्रॉइंगच्या टेबलावर कळत नाही. लाकडाशी गाठ पडली की कळतं.

आमच्या धंद्यात जोड्यांचा सुकाळ. खुर्चीचे दोन हात, मागचे दोन पाय, कपाटाच्या दोन बाजू, दाराची दोन झडपं. एकाला दुसऱ्यावाचून किंमत नाही. उजवे हात शंभर झाले आणि डावे नव्व्याण्णव, तर खुर्च्या नव्व्याण्णवच होतात. भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये सीएनसी राउटर आला तेव्हा जोड्यांचा प्रश्न आता मिटला, असंच सगळे धरून चालले होते. यंत्राचा हात थकत नाही, यंत्राला उजव्या-डाव्याची सवय नाही, जे सांगाल ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत जसंच्या तसं. त्यातलं पुष्कळ खरं ठरलं. पण यंत्रालाही हात असतो, उजवा असतो, आणि तो बदलत नाही, हे मशीनसोबत आलेल्या पुस्तकापेक्षा सागाच्या एका फळीने आम्हाला जास्त नीट दाखवलं.

सागाची आरामखुर्ची घ्या. तिचा हात पुढे जाताना थोडा बाहेर झुकतो, वरून किंचित खोलगट असतो आणि आतल्या कडेला, जिथे बसणाऱ्याची बोटं आपोआप वळतात, तिथे एक लांब गोलाई असते. एकाच फळीतून शेजारी-शेजारी काढलेले उजवा आणि डावा असे दोन हात मशीनवरून उतरवा आणि डोळे मिटून त्या गोलाईवरून अंगठा फिरवा. उजव्यावरून तो सरळ घसरत जातो. डाव्यावर मध्येच वीतभर टप्पा असा लागतो की अंगठा अडखळतो. उजेडाकडे तिरकं धरलं तर तिथे कुसळं उभी राहिलेली दिसतात, आणि एखाद्या जागी चार-पाच मिलिमीटरची कपची उडालेली असते. टूल तेच, फळी तीच, वेग तोच. कॅलिपर लावला तर दोन्हींची मापं बरोबर. डोळ्यांना जोडी वाटते, पण बोटांना पटत नाही.

याचं कारण असं की प्रोग्रॅम आरशात गेला, पण टूल फिरवणारा स्पिंडल गेला नाही.

राउटरचं टूल वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, मिनिटाला अठरा हजार फेरे. धारही त्याच दिशेला लावलेली. उलटं फिरवलं तर ते कापणार नाही, पाठीने घासून लाकूड जाळेल. अशा टूलने जॉबच्या बाहेरून काट्यांच्याच दिशेने फेरी मारली, तर त्याचा दात बाहेरून आत, लाकडाच्या अंगाकडे दाबत येतो. छिलका सुरुवातीला जाड निघतो, शेवटी पातळ. तंतू आधी दाबले जातात, मग कापले जातात. याला शॉपमध्ये क्लाइम्ब म्हणतात. फेरीची दिशा बदलली की सगळं फिरतं. दात तयार कडेकडून सुरुवात करतो आणि बाहेर उचलत जातो, जाता जाता तंतूंना आपल्याबरोबर ओढतो. त्या जागी लाकडाची रेघ त्याच्याच दिशेने वर येत असेल तर धार पोचण्याआधीच लाकूड फाटतं. हा झाला कन्व्हेन्शनल कट. हातात धरायच्या राउटरवर हीच दिशा सुरक्षित, कारण क्लाइम्बमध्ये टूल हातातून पळायला बघतं. मशीनच्या भक्कम गँट्रीला, म्हणजे टूल वाहणाऱ्या आडव्या पुलाला, ती भीती नाही, म्हणून तिथे सागाला आम्ही क्लाइम्बच देतो.

आता चिन्ह बदला. उजव्या हाताभोवती काट्यांच्या दिशेने जाणारी फेरी डाव्याभोवती उलटी होते. प्रोग्रॅममधला जी-२चा कंस जी-३ होतो. टूलला रेषेच्या डावीकडे ठेवणारा जी-४१ जाऊन उजवीकडे ठेवणारा जी-४२ येतो. फानुक पद्धतीच्या कंट्रोलरवर यासाठी जी-५१.१ अशी एक ओळ लिहायची, बाकीचं कंट्रोलर निमूट करतो. फक्त एम-३ म्हणजे ‘स्पिंडल सुलटा फिरव’ ही आज्ञा एम-३च राहते. वाट उलटली, फिरकी तशीच राहिली. उजव्याला मिळालेला क्लाइम्ब डाव्याच्या वाट्याला कन्व्हेन्शनल होऊन आला, तोही नेमका त्या गोलाईवर, जिथे सागाची रेघ वर चढते.

आमच्या मिस्त्रींना यातला एकही शब्द ठाऊक नाही. त्यांनी तो डावा हात उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, ह्यानं उलट्या रेघेवर रंधा मारलाय.”

एवढं एक वाक्य. मशीन, कोड, कंस सगळं बाजूला सारून ते थेट कारणावर गेले. रंधा मारणाऱ्याला हे हाडीमाशी भिनलेलं असतं. फळीवर दोन हात मारून लाकूड उपटायला लागलं की तो फळी फिरवून घेतो, आणि मध्येच रेघ फिरली तर स्वतः पलीकडे जाऊन उभा राहतो. कोरीव काम करणाऱ्याचं तर पुढचं. वाड्याच्या चौकटीवर समोरासमोर कोरलेले दोन पोपट पाहावेत. उजव्या पोपटाच्या पंखावर पटाशी ज्या वळणाने चालते, तेच वळण डाव्यावर उलटं येतं, पण लाकडाची रेघ काही मधोमध उलटत नाही. म्हणून चांगला कोरणारा पटाशी या हातातून त्या हातात घेतो किंवा कापायची दिशा बदलतो. दोन पोपट एकसारखे दिसावेत यासाठी त्याला दोन वेगवेगळ्या रीतींनी काम करावं लागतं. मला त्या जोड्यांतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याला दिसते ती समानता. तिच्याखाली दोन वेगळे प्रवास असतात.

यंत्रांच्या जगातही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. गोल कडा काढणारी जुनी शेपर मशीनं दोन स्पिंडलांची असत, एक सुलटा फिरणारा, दुसरा उलटा. कारागीर वाकडा जॉब अर्धा या स्पिंडलवर करी आणि रेघ फिरली की उरलेला त्या स्पिंडलवर. आजही साध्या स्पिंडल मोल्डरला फिरकी उलटवायचा स्विच असतो. कटर उलटा बसवायचा, स्विच फिरवायचा. आरशात न्यायचं तर फिरकीसकट न्यायचं, हे त्या यंत्रांना माहीत होतं. राउटर शहाणा झाला तसा हा जुना धडा मागे पडला.

याहून जुनं उदाहरण पायातलं आहे. युरोपात टाचेचे जोडे आल्यावर सतराव्या-अठराव्या शतकांत बहुतेक जोडे सरळ असत. उजवा-डावा भेद नाही, वापरून वापरून ज्या पायाचा त्या पायाचा होईल. टाच आली की लाकडी फर्मा गुंतागुंतीचा होतो, आणि त्याची प्रत्येक मापात अचूक उलटी जोडी हाताने कोरणं जिकिरीचं आणि खर्चाचं. १८१९मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये टॉमस ब्लँचर्ड यांनी वाकड्यातिकड्या आकाराची नक्कल करणारा लेथ केला तो बंदुकीच्या दस्त्यांसाठी. पुढे त्याच तत्त्वावर बुटांचे फर्मे निघू लागले. त्यातली खुबी अशी, की नमुना आणि लाकडाचा ठोकळा एकाच दिशेने फिरले तर उजव्याचा उजवा निघतो, आणि मधला एखादा गिअर वाढवून ते विरुद्ध दिशांनी फिरवले तर उजव्याच नमुन्यावरून डावा निघतो. चिन्ह बदलायची कल्पना गिअरच्या दात्यांतून आधीच सांगून झाली होती. मला हा लेथ आमच्या राउटरचा आजोबा वाटतो.

सगळ्याच जोड्यांना हा जाच नाही, हेही सांगायला हवं. कपाटाची बाजू दोन्हीकडून सारखीच असेल आणि कट आरपार असेल, तर डावं-उजवं असा भेद उरतच नाही. तव्यावरच्या भाकरीसारखी उलटली की झाली उजवी. भेद सुरू होतो तो अर्धवट खोलीपासून. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक साडेबारा-तेरा मिलिमीटर खोल पाडलं, मागच्या प्लायसाठी खाच मारली, एका बाजूला सनमायका लावला, की त्या तुकड्याला पोट आणि पाठ आली, आणि पोट-पाठ आली की डावं-उजवं आलं. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८२७मध्ये लिहून ठेवलं आहे, की सपाट आकृती उचलून उलटता येते ती तिसऱ्या मितीमुळे, आणि घनाकृतीला तशी उलटायची तर चौथी मिती लागेल. आमच्याकडे ती नाही. खुर्चीचा हात कितीही फिरवा, उजवा तो उजवाच.

काही चतुर माणसांनी मग मुळात जोडीच टाळायचा मार्ग काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कपाटांसाठी ३२ मिलिमीटरची पद्धत रूढ झाली. पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत, ५ मिलिमीटर व्यासाच्या भोकांची रांग, दोन भोकांत ३२ मिलिमीटर अंतर. बाजूची उंची अशी बेतायची की भोकांची रचना वरून मोजा की खालून मोजा, सारखीच यावी. असं केलं की डाव्या बाजूचा बोर्ड तसाच जमिनीवर फिरवून वरचं टोक खाली घेतलं की तो उजवा होतो. एकच प्रोग्रॅम, एकच ढीग. पांढऱ्या लॅमिनेटसाठी ही योजना इतकी सुंदर आहे की तिच्यापुढे हात जोडावेत. पण बोर्डावर खऱ्या सागाचं व्हिनीअर असेल तर ती कोसळते. व्हिनीअरवरच्या डोंगराच्या आकाराच्या रेघा झाडासारख्या वर निमुळत्या होत जातात. बोर्ड फिरवला की एका बाजूला झाड उभं आणि दुसऱ्या बाजूला उलटं टांगलेलं. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतंय हे तो पहिल्या दिवशी ओळखतो.

व्हिनीअरची खरी जोडी म्हणजे बुकमॅच. एकाच ओंडक्यावरून लागोपाठ कापलेले दोन पातळ पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी लावायचे. मधल्या सांध्यावर रेघा एकमेकींना येऊन मिळतात. याहून शुद्ध प्रतिबिंब लाकडात मिळणार नाही. तरी पॉलिश झाल्यावर जरा बाजूला जाऊन बघा, एक पान उजळ दिसतं आणि दुसरं गडद. पलीकडे जा, आता गडद ते उजळ. पापुद्रा सोलताना सुरीकडच्या अंगाला बारीक भेगा पडतात, दुसरं अंग घट्ट राहतं. पुस्तक उघडल्यावर एका पानाचं हे अंग वर येतं आणि दुसऱ्याचं ते. शिवाय तंतूंचा उतार दोघांत विरुद्ध, म्हणून उजेडही विरुद्ध दिशांना परततो. एका झाडाची, एका सुरीची, लागोपाठची ही दोन पानं, आणि त्यांच्यातही कोणत्या बाजूने कापलं याची आठवण टिकून असते. मला हा दोष वाटत नाही. ती छटा झाकण्यासाठी गडद स्टेन मारा असं कुणी सांगितलं तर मी नको म्हणते.

आता या सगळ्यातल्या, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. काटकोन आखायचा नवा गुण्या हातात आला की मिस्त्री त्याची परीक्षा घेतात. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. गुण्या खरा असेल तर रेघेवर रेघ बसते. खोटा असेल तर दोन रेघांत पाचर दिसते, आणि ती पाचर मूळ चुकीच्या दुप्पट असते. या परीक्षेला दुसरा, जास्त खरा गुण्या लागत नाही. खोटं हत्यार स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भिडलं की उघडं पडतं.

मशीनवर उजवा-डावा काढणं म्हणजे हीच परीक्षा. समजा, गँट्री काटकोनात नाही, मीटरमागे अर्धा मिलिमीटर तिरकी आहे. ६०० मिलिमीटर रुंदीच्या बाजूला हा फरक ०.३ मिलिमीटर होतो. एकटा बोर्ड बघून कुणाला कळणार नाही. आरपार कटाचे दोन सारखे बोर्ड काढून त्यातला एक उलटला, तरी कळणार नाही. दोघांचा तिरकेपणा एकमेकांशी जुळतो, कपाट एका अंगाला किंचित कलतं, पण दोन बाजू एका सुरात तीच चूक सांगतात. डावा आणि उजवा मशीनवर वेगळे काढले, की मात्र गोष्ट बदलते. आकृती आरशात गेली, पण गँट्री तिरकी होती तशीच आहे. डाव्या बाजूची वरची कड पुढच्या टोकाला ०.३ने वर येते, उजव्याची ०.३ने खाली. जोडून उभं केल्यावर ०.६चा फरक पडतो, वरची फळी डुगडुगते आणि शटरमधली फट वर एक, खाली एक अशी दिसते. फिटर मग बिजागरीचे स्क्रू पिळत बसतो आणि भिंतीला दोष देतो.

मशीनच्या दाते-पट्टीतला ढिलेपणाही असाच सापडतो. उजव्यात टूल ज्या खाचेकडे डावीकडून आलं, डाव्यात तिच्याकडे उजवीकडून येतं. गिअरमध्ये सैलपणा असेल तर त्या दोन खाचा एकमेकींना तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून मी ऑपरेटरला सांगते, महिन्यातून एकदा जोडी काढ, पोटाला पोट लावून एकमेकींवर ठेव आणि चारही कडांवर नख फिरव. कंपनीचा इंजिनिअर लेझर घेऊन येईल तेव्हा येईल. जोडीतला दुसरा पहिल्याबद्दल जे सांगतो, ते पहिला स्वतः कधी सांगत नाही.

खुर्चीच्या हातांची रीत आता शेडमध्ये ठरून गेली आहे. आकृतीला आरसा लावायचा, प्रोग्रॅमला लावायचा नाही. टूलची वाट डाव्यासाठी नव्याने काढायची, म्हणजे दोघांनाही क्लाइम्बच मिळतो. दोन्ही हात एका फळीतून घ्यायचे, आणि मशीनवर चढण्याआधी मिस्त्रींनी पेन्सिलने दोघांवर मिळून एक खूण करायची. सुतार जोडी नेहमी समोरासमोर ठेवून एकदमच आखतो, म्हणजे दोन डावे होत नाहीत. ही सवय मी मशीनसाठी मोडू दिली नाही. ऑपरेटर तरुण आहे, त्याला सुरुवातीला ती खूण जुनाट वाटायची. आता खूण नसेल तर तोच फळी परत पाठवतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. भोकांची रांग पाडणाऱ्या मल्टिबोरिंग मशीनमध्ये शेजारचे स्पिंडल गिअरने एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक सुलटा फिरला की शेजारचा उलटा फिरतोच. म्हणून तिथली ड्रिल उजव्या आणि डाव्या धारेची, ओळखायला दोन रंगांत येतात, आणि गेली कित्येक वर्षं बिनतक्रार शेजारी-शेजारी काम करतात. मग राउटरला डाव्या धारेचं टूल का नको? स्पिंडल एम-४वर उलटा फिरवायचा, उजव्याचाच प्रोग्रॅम चिन्ह बदलून चालवायचा, म्हणजे वाट, फिरकी, धार सगळंच आरशात. आमच्या स्पिंडलची पकड उलट्या फिरकीला चालते हे आधी विचारून घेतलं, आणि तसं एक टूल मागवलं आहे. एकाच फळीतून तीन हात काढायचे: उजवा नेहमीसारखा, एक डावा नव्या वाटेचा, एक डावा उलट्या स्पिंडलचा. कुठला कोणता हे मिस्त्रींना सांगायचं नाही. त्यांनी एकच अट घातली आहे, फळी ते निवडणार. सरळ रेघेच्या सोप्या फळीवर काहीही गुळगुळीत निघतं, त्यात परीक्षा कसली, असं त्यांचं म्हणणं; आणि बल्लारशाच्या मालातून सगळ्यांत आडमुठी, मध्येच दोनदा रेघ फिरलेली फळी त्यांनी आत्ताच बाजूला काढून भिंतीला लावून ठेवली आहे.